पायऱ्या दाखवा

काउंटी क्लार्कच्या कचेरीत माझं काम साधं:
आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का हाणायचा,
खाली सही, आणि तिसऱ्या कपाटात
ऑक्टोबरच्या खणात ठेवून द्यायचा.
कागद वाचायचा, असं कुठं लिहिलेलं नाही.

मंगळवारी लोवेल ट्वाइट स्वतः आला,
खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना,
बुटांना मेपलची ओली पानं चिकटलेली.
चाळीस वर्षं त्यानं या गावाला गणित शिकवलं.
मलाही. उत्तर बरोबर आलं तरी
समासात लाल पेननं लिहायचा:
पायऱ्या दाखवा.

आता काउंटी बोर्डाला उभा आहे.
घराघरापुढं त्याच्या हिरव्या पाट्या:
आमची टेकडी विकायची नाही.
लुथरन चर्चच्या तळघरात, सूप निवत असताना,
तो म्हणाला, मी बोर्डावर असेपर्यंत
वाळूचा एक ट्रक शाळेवरून जाणार नाही.
टाळ्या पडल्या. माझ्याही.
माझ्या दोरीवरची काळी पँट
संध्याकाळी पिठात लोळल्यासारखी दिसते,
दोन वर्षं झाली.

मी कागद वाचला.

पहिल्या पानावर आपलीच माणसं.
इंग्रिड स्कार, विधवा, बारा डॉलर.
थोर्वाल्ड मो, गायी विकून बसलेला, पन्नास.
केकच्या लिलावातून एकशे अडतीस.
मग मी. वीस.
त्याच्या अक्षरात माझं नाव बघून
उगाचच बरं वाटलं, वहीवर शेरा मिळाल्यासारखं.

दुसऱ्या पानावर
स्वच्छ नदी नागरिक समिती, दोन हजार.
पत्ता हायवेलगतच्या विटांच्या इमारतीचा, वरचा मजला.
तो पत्ता मला पाठ आहे.
खाण कंपनीचा हिशेबनीस तिथं बसतो,
दर मार्चला त्याचे अर्ज याच खिडकीत येतात.
जुलैत पुन्हा तीच समिती, पुन्हा दोन हजार.
मग खाणीच्या मॅनेजरची बायको,
मग तिचा भाऊ,
मग भावाचं बोटी दुरुस्तीचं दुकान,
जिथं मी आजवर एकही बोट पाहिलेली नाही.

तिसऱ्या पानावर खर्च.
पाट्या, हिरव्या, चारशे नग.
समितीचा चेक वटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी.
म्हणजे टेकडी विकायची नाही, हे
टेकडी घेणाऱ्यांनीच छापून दिलं,
आणि मी ते माझ्या अंगणात
हातोडीनं ठोकून उभं केलं.

एक आकडा खोटा नाही.
बेरीज मी दोनदा केली, जुळली.
हातचेसुद्धा वर बारीक मांडलेले,
सातच्या पोटातून तीच आडवी रेघ.
खोटं तो तळघरात बोलतो,
माईक हातात घेऊन.
कागदाशी त्याला अजून खोटं बोलता येत नाही.

तो खिडकीशी उभाच होता, टोपी हातात.
“बरोबर आहे ना, मार्डेल?”
बेरीज बरोबर आहे, मी म्हणाले.
तो हसला नाही.
“कोणी वाचतं का गं हे?”
मला कळेना, हा भीतीनं विचारतोय
की फळ्यापुढं जन्म घालवलेल्या माणसाला
मागच्या बाकावरून एखादा हात वर यावा
असं अजून वाटतं.

शिक्का मारला. सही केली.
त्यानं टोपी घातली, दार नीट ओढून घेतलं.

भिंतीवर सूचना आहे, माझ्या आधीपासूनची:
प्रत हवी असल्यास पानाला पंचवीस सेंट, कोणालाही.
कोणालाही.
मी पर्समधून तीन नाणी काढली,
डब्यात टाकली, पावती स्वतःच्या नावानं फाडली.
मशीन तापायला वेळ घेतं,
तेवढ्यात दिवे मालवत गेले, एक सोडून.

गुरुवारी तळघरात बटाट्याचं सूप आहे.
पाव आणायची पाळी माझी.